खारे वारे आणि शेतकऱ्याची मोटार

कोंकणांतील शेतकऱ्याच्या अंगणांत पूर्वीं बैलगाडी असे. आतां त्या जागीं मालवाहू पिकअप, दुचाकी, पॉवर टिलर किंवा फवारणीचा पंप यांपैकीं कांहीं ना कांहीं उभें असतें. बैल आजारी पडला तर तो चारा सोडतो, मान टाकतो आणि आपलें दुखणें धन्यास कळवितो. यंत्र मुकें असतें. त्याच्या अंगांत रोग शिरला तरी तें वर्ष दोन वर्षें मुकाट्यानें काम करीत राहतें, आणि ऐन आंब्याच्या हंगामांत, पेट्या भरून रात्रीं घाट चढतांना, एकाएकीं थांबतें. समुद्रकांठच्या यंत्रांना जडणाऱ्या रोगांत गंज हा सर्वांत सामान्य, आणि थोड्या नियमितपणानें बराचसा टाळतां येण्यासारखा आहे. त्याविषयीं, व त्यावर घरच्या घरीं करतां येणाऱ्या स्वस्त उपायांविषयीं, या लेखांत कांहीं माहिती देण्याचें आम्हीं योजिलें आहे.

रत्नागिरीहून गणपतिपुळ्यास जाणारा किनाऱ्याचा रस्ता आरे-वारे येथें डोंगराच्या कडेनें जातो. वर डोंगर, खालीं पुळण आणि सुरूचीं झाडें, व पुढें अफाट समुद्र. प्रवासी तेथें घटकाभर थांबून देखावा पाहतात व निघून जातात. तेथील शेतकऱ्यास मात्र हा समुद्र बारा महिने सोबतीला असतो. दिवसा समुद्रावरून जमिनीकडे खारे वारे वाहतात व रात्रीं मतलई सुटते. किनाऱ्यावर लाट फुटली म्हणजे पाण्याचे अतिसूक्ष्म तुषार हवेंत उडतात. त्यांतील पाणी वाळतें आणि मिठाचे कण वाऱ्यावर स्वार होऊन घरांदारांवर, झाडांवर व वाहनांवर येऊन बसतात. किनाऱ्यापासूनच्या पहिल्या कांहींशें पावलांत हा मारा सर्वांत जोराचा असतो व पुढें झपाट्यानें कमी होत जातो. म्हणूनच एकाच दिवशीं घेतलेल्या दोन गाड्यांपैकीं लांज्याकडची गाडी अनेक वर्षें ताठ राहते, व आऱ्याकडच्या गाडीच्या दाराखालचा पत्रा त्यापूर्वींच बोटानें फुटूं लागतो.

मीठ काय करतें

समुद्राच्या एक लिटर पाण्यांत सुमारें ३५ ग्रॅम क्षार असतात. त्यांत आपलें खाण्याचें मीठ अधिक व मॅग्नेशियमचे क्षार थोडे असतात. पावसाळ्यांत स्वयंपाकघरांतील मिठाच्या बरणीला पाणी सुटतें हें प्रत्येक गृहिणीस ठाऊक आहे. हवेंतील आर्द्रता शेंकडा ७५ च्या वर गेली म्हणजे मीठ हवेंतलें पाणी ओढून घेतें व स्वतः विरघळतें. मॅग्नेशियम क्लोराइड तर याहून लोभी. शेंकडा ३३ आर्द्रतेलाही तें ओलें होतें. यावरून असें दिसेल कीं, ज्या पत्र्यावर समुद्राचें मीठ बसलें आहे तो पत्रा आपणांस कोरडा दिसला तरी पुष्कळ वेळां खरोखर कोरडा नसतोच.

लोखंड गंजण्यास पाणी व हवा हीं दोन पुरेशीं आहेत. मीठ त्यांना जोड देतें. कारण खाऱ्या पाण्यांतून विजेचा सूक्ष्म प्रवाह सहज वाहतो, व गंजण्याची क्रिया ही मूळांत विजेचीच क्रिया आहे. ॲल्युमिनियमवर हवेनें जो थर येतो तो घट्ट असतो व खालच्या धातूचें रक्षण करतो. लोखंडावरील गंज तसा नव्हे. तो भुसभुशीत असतो, पाणी धरून ठेवतो, आणि मूळ लोखंडापेक्षां दुपटीहून अधिक जागा व्यापतो. त्यामुळें रंगाखालीं गंज शिरला कीं रंग फुगतो, फुगा फुटतो व नवें लोखंड उघडें पडतें. गव्हावरील तांबेरा जसा एका पानावरून दुसऱ्या पानावर जातो, तसाच हा लोखंडाचा तांबेरा एका ओरखड्यापासून आजूबाजूस पसरत जातो.

हा रोग वरून दिसणाऱ्या रंगावर सुरू होत नाहीं. मडगार्डच्या आंतील बाजूस चिकटलेला जांभ्याचा तांबडा चिखल, दाराच्या तळाशीं सांठलेली माती, पायपुसण्याखालची ओल, बॅटरीची बैठक, सायलेन्सरचे जोड व बोल्टांचीं डोकीं हीं त्याचीं ठाणीं होत. गाडी धुतांना जो शेतकरी टप व बोनेट चकचकीत करतो व खालीं वांकून पाहत नाहीं, त्याचे श्रम बहुतांशीं वायां जातात.

पहिलें औषध : गोडें पाणी

मीठ पाण्यांत विरघळतें. तेलांत, डिझेलमध्यें किंवा मेणांत विरघळत नाहीं. या एका साध्या गोष्टीवर सारी निगा अवलंबून आहे. पुष्कळ ठिकाणीं असें आढळतें कीं, पावसाळ्यापूर्वीं गाडीच्या खालच्या अंगास तेल फासतात, परंतु त्याआधीं तें अंग धुवीत नाहींत. असें केल्यानें मीठ तेलाखालीं कोंडलें जातें व शत्रूस आपल्याच घरांत आसरा मिळतो. आधीं गोड्या पाण्यानें मीठ काढावें, मग पूर्ण वाळूं द्यावें, आणि त्यानंतरच तेलास हात लावावा. हा क्रम बदलूं नये.

येथें पाण्याचीही परीक्षा केली पाहिजे. किनाऱ्यालगतच्या कित्येक विहिरींचें पाणी वैशाखांत मचूळ होतें. अशा पाण्यानें गाडी धुणें म्हणजे मिठानेंच मीठ धुण्यासारखें आहे. परीक्षा अगदीं सोपी आहे. कांचेच्या स्वच्छ तुकड्यावर विहिरीच्या पाण्याचे चार थेंब टाकावे, शेजारीं पावसाच्या सांठविलेल्या पाण्याचे चार थेंब टाकावे, व दोन्ही उन्हांत वाळूं द्यावे. विहिरीच्या थेंबांच्या जागीं पांढरा ठळक डाग उरला, व जिभेस पाणी मचूळ लागलें, तर तें पाणी गाडीस वापरूं नये. रत्नागिरीस वर्षांत तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. म्हणजे छपराच्या दर चौरस मीटरावर तीन हजार लिटरांहून अधिक गोडें पाणी फुकट पडतें. पागोळ्यांखालीं दोन पिंपें लावून ठेवलीं तर पावसाळ्यानंतरही कांहीं धुण्यांपुरता सांठा राहतो.

धुतांना प्रथम पाणी सोडून माती भिजूं द्यावी, मग खालचें अंग नारळाच्या सोडणानें घासावें. रंगावर सोडण फिरवूं नये. तेथें मऊ सुती फडकें व रिठ्याचें पाणी पुरतें. कपडे धुण्याची पूड रंगावरील मेणाचा थर काढून टाकते व रंग निस्तेज करते. कांचेवर मिठाची साय बसली असेल तर ती कोरड्या फडक्यानें पुसूं नये, ओरखडे पडतात. आधीं पाण्यानें ओघळूं द्यावी. दाराच्या तळाशीं पाणी निघून जाण्यासाठीं बारीक भोंकें ठेवलेलीं असतात. तीं मातीनें बुजलीं म्हणजे दार हें पाण्याचें भांडें बनतें. माडाच्या झावळीची हीर त्या भोंकांत घालून तीं मोकळीं करावीं. हीर लवचिक असल्यामुळें आंतील रंगास इजा होत नाहीं. तारेनें मात्र ओरखडा पडतो.

धुतलेली गाडी लगेच बंद खोलींत कोंडूं नये, किंवा तिच्यावर प्लॅस्टिकची ताडपत्री घट्ट बांधूं नये. चारी बाजूंनीं हवा खेळेल असा साधा मांडव अशा कोंडलेल्या ओलाव्यापेक्षां बरा.

शेतांतील मीठ

मीठ केवळ समुद्रच आणतो असें नाहीं. कांहीं आपण स्वतः गाडींत भरून आणतों. पालाशासाठीं आपण जें म्युरेट ऑफ पोटॅश वापरतों तें रासायनिक दृष्ट्या मिठाचें सख्खें भावंड आहे. फाटक्या पोत्यांतून त्याचे दाणे पिकअपच्या हौद्यांत सांडले व वर दहिंवर पडलें कीं तेथें गंज ठरलेला. मासळीच्या टोपल्यांतून गळणारें बर्फाचें पाणीही तसेंच. खत किंवा मासळी उतरल्यावर हौदा त्याच दिवशीं धुवावा.

बोर्डो मिश्रणाची गोष्ट आणखी लक्षांत ठेवण्याजोगी आहे. मिश्रणांत चुना पुरेसा झाला कीं नाहीं हें पाहण्यासाठीं आपण त्यांत लोखंडी सुरी किंवा विळा बुडवितों. पातें तांबूस झालें तर चुना कमी, असें समजतों. हें तांबूस दिसतें तें खरोखरच तांबें होय. मोरचुदांतील तांबें लोखंडावर बसतें व तितकें लोखंड झिजून पाण्यांत जातें. हाच प्रयोग हौद्याच्या पत्र्यावर नकळत घडतो. एवढेंच नव्हे, तर पत्र्यावर बसलेलें तांबें पुढें ओल लागतांच शेजारच्या लोखंडास अधिक वेगानें गंजवितें. म्हणून मोरचुदाचें द्रावण लोखंडी भांड्यांत करूं नये, हा जो नियम आपण पाळतों तोच गाडीसही लावावा. पिंप हिंदकळून द्रावण सांडल्यास तत्काळ धुवून टाकावें.

घरांतील पदार्थांचें काम

घरांतील पदार्थ यंत्राच्या कामीं येतात, परंतु कोणता पदार्थ काय करतो हें जाणून वापरले तरच. त्यांचे चार वर्ग करतां येतील. रिठा व साबण मळ सोडवितात. सोडा आम्ल मारतो. व्हिनेगर, लिंबू, चिंच, आमसूल हे आंबट पदार्थ गंज विरघळवितात. तेल व पेट्रोलियम जेली हवापाणी दूर ठेवतात. एकाचें काम दुसऱ्याकडून होत नाहीं, आणि एकाचें काम झाल्यावर त्यास धुवून काढल्याशिवाय दुसऱ्यास बोलावूं नये.

बॅटरीचीं टोकें

गाडी सुरू न होण्याचें एक नेहमींचें कारण म्हणजे बॅटरीच्या टोकांवर सांचणारी पांढरी, निळसर किंवा हिरवट पूड. ही पूड आम्लाच्या वाफांपासून होते व विजेचा मार्ग अडविते. कित्येकदां नवी बॅटरी विकत घेण्याचा विचार चाललेला असतो, आणि दोष मात्र या चिमूटभर पुडीचा असतो.

प्रथम एंजिन बंद करावें. जवळ विडी, काडी किंवा दिवा असूं नये. बॅटरींतून हायड्रोजन वायु निघतो व तो ठिणगीनें स्फोट पावतो. हातांत रबरी मोजे व डोळ्यांवर चष्मा असावा. आधीं ऋण टोक, म्हणजे वजा खूण असलेलें, सोडवावें. नंतर धन टोक. जोडतांना याच्या उलट, आधीं धन व शेवटीं ऋण. याचें कारण असें कीं, गाडीचें सारें लोखंडी अंग ऋण टोकास जोडलेलें असतें. तें जोडलेलें असतांना धन टोकावरील पाना चुकून अंगास लागला तर मोठी ठिणगी उडते.

मग कपभर कोमट पाण्यांत चमचाभर खाण्याचा सोडा विरघळवून जुन्या दांत घासण्याच्या ब्रशानें टोकांवर लावावा. फेस येतो तो सोडा व आम्ल यांच्या झगड्याचा होय. फेस थांबला म्हणजे आम्ल संपलें. बॅटरीचीं झांकणें घट्ट लावलेलीं असावीं, कारण सोडा आंत गेल्यास आंतील आम्लही मारलें जाईल व बॅटरी कायमची बिघडेल. गोड्या पाण्याच्या ओल्या फडक्यानें पुसून, कोरडें करून, टोकें जोडावीं व नंतर वरून पेट्रोलियम जेलीचा पातळ थर द्यावा. ज्या बॅटरींत पाणी घालावें लागतें तींत केवळ ऊर्ध्वपातित पाणी घालावें. विहिरीचें किंवा नळाचें पाणी कितीही स्वच्छ दिसलें तरी घालूं नये. आम्ल डोळ्यांत उडाल्यास डोळा बराच वेळ स्वच्छ पाण्यानें धुवून डॉक्टरांकडे जावें.

गंजलेले नटबोल्ट

जॅकचा स्क्रू, बिजागऱ्या, साधे बोल्ट, पाने अशा सुट्या लोखंडी वस्तूंवरील गंज काढण्यास व्हिनेगर उत्तम. वस्तु आधीं साबणानें धुवून तेलकटपणा काढावा, मग रात्रभर व्हिनेगरमध्यें बुडवून ठेवावी. व्हिनेगर नसल्यास चिंचेचें किंवा आमसुलाचें दाट पाणीही चालतें, मात्र वेळ अधिक लागतो. सकाळीं ब्रशानें घासतांच गंज सुटतो. आपल्याकडे पितळ उजळतांना चिंचेबरोबर मीठ घेण्याची रीत आहे. ती पितळेपुरतीच ठेवावी; लोखंडास मीठ लावूं नये.

येथें बहुतेकांचा हात घाईनें थांबतो. आंबटांतून काढलेलें उघडें लोखंड अतिशय हळवें असतें; तें तसेंच ठेवलें तर तासाभरांत त्यावर पुन्हां तांबूस छटा येते. म्हणून तें लगेच सोड्याच्या पाण्यांत बुडवावें, म्हणजे उरलेलें आम्ल मरेल. मग गोड्या पाण्यानें धुवावें, फडक्यानें पुसून उन्हांत किंवा चुलीच्या उबेला पूर्ण वाळवावें, आणि हातास ऊब लागत असतांनाच तेल लावावें.

सर्वच वस्तु आंबटांत घालण्याजोग्या नसतात. ज्या बोल्टांवर जस्ताचा पांढुरका मुलामा असतो त्यांचा मुलामा आम्ल खाऊन टाकतें. जस्त हें लोखंडाऐवजीं स्वतः झिजून त्याचें रक्षण करीत असतें. हंफ्री डेव्ही या इंग्रज शास्त्रज्ञानें १८२४ सालीं हेंच तत्त्व खाऱ्या पाण्यांतील जहाजांच्या तांब्याच्या पत्र्यांस लावून दाखविलें होतें. असा रक्षक आपल्या हातानें मारूं नये. ॲल्युमिनियमच्या वस्तु, कठीण पोलादाच्या स्प्रिंगा व बेअरिंगें हींही आंबटांत घालूं नयेत. कठीण पोलाद आम्लानें ठिसूळ होऊन तुटण्याचा संभव असतो. चुलीच्या राखेनें ॲल्युमिनियम घासूं नये, कारण राखेंतील क्षारानें तें काळें पडतें, हा अनुभव भांडीं घासणाऱ्या प्रत्येकीस आहेच.

मोरी धुण्याचें तीव्र ॲसिड वापरण्याचा मोह कित्येकांस होतो, कारण त्यानें गंज क्षणांत जातो. परंतु तें मिठाच्याच कुळांतील आम्ल आहे. त्याचा अंश फटींत राहिला कीं गंज दुप्पट जोमानें परततो. तसेंच विहिरींत टाकावयाच्या ब्लीचिंग पावडरशीं व्हिनेगर किंवा कोणतेंही आम्ल कधींही मिसळूं नये. त्यांतून निघणारा क्लोरीन वायु प्राणघातक आहे.

तेल कोणतें लावावें

लोखंडास व लांकडास तेल पाजण्याची विद्या आपल्या किनाऱ्यास नवी नाहीं. कोळी बांधव होडीच्या लांकडास मासळीचें तेल पाजीत, व बैलगाडीच्या आंसास वंगण घातल्यावांचून शेतकरी बाहेर पडत नसे. १९१४ ते १९१८ च्या महायुद्धांत विमानांच्या फिरत्या एंजिनांत एरंडेल वापरीत. तथापि त्या एंजिनांस वारंवार उघडून स्वच्छ करावें लागे. कारण तापलेलें एरंडेल चिकट होऊन बसतें. आजच्या एंजिनांत त्याच्या पुस्तिकेंत सांगितलेलें तेलच घालावें, स्वयंपाकघरांतील कोणतेंही तेल घालूं नये.

बाहेरील बिजागऱ्या, कुलुपें, बोल्ट यांनाही खोबरेल लावण्याची कोंकणांत संवय आहे. घरचें तेल म्हणून तें स्वस्त वाटतें. परंतु खोबरेल सुमारें २४ अंशांखालीं गोठतें, धूळ धरतें, व खवट झालें म्हणजे त्यांतील आम्लें तांब्यापितळेस हिरवा कळंक आणतात. अळशीचें तेल वाळून कडक पापुद्रा होतो. म्हणून तें न हलणाऱ्या उघड्या लोखंडावर चालेल, बिजागरीवर चालणार नाहीं. हलणाऱ्या जोडांस शिवणयंत्राचें तेल, व जाड थर पाहिजे तेथें ग्रीस किंवा पेट्रोलियम जेली हीं खोबरेलापेक्षां स्वस्त पडतात व टिकतात.

दुचाकीची साखळी डिझेलनें भिजविलेल्या मऊ ब्रशानें स्वच्छ करावी, कोरडी करावी व मग ९० नंबरचें गिअर तेल बेतानें लावावें. पेट्रोलनें कोणताही भाग धुवूं नये. त्याची वाफ दूरच्या दिव्यापर्यंत पसरून पेट घेते. रबरी भागांस, म्हणजे टायर, दाराच्या पट्ट्या व नळ्या यांस, डिझेल, ग्रीस वा खोबरेल लागूं देऊं नये. रबर फुगतें व चिरतें. त्यांना साबणाचें पाणी व नंतर थोडें ग्लिसरीन योग्य. एंजिनांतून काढलेलें काळें तेल खालच्या पत्र्यास फासण्याची चाल मोडली पाहिजे. त्यांत आम्लें व विषारी धातु असतात. तें पावसानें धुवून आपल्याच विहिरींत व वाफ्यांत उतरतें.

किरकोळ परंतु उपयोगी

गाडीच्या दिव्यांचीं प्लॅस्टिकचीं झांकणें उन्हानें पिंवळीं पडतात व रात्रीं उजेड मंदावतो. पांढऱ्या टूथपेस्टमध्यें बारीक घासणारी पूड असते. ओल्या फडक्यावर ती घेऊन गोल गोल घासल्यास झांकण पुष्कळ निवळतें. हा गुण कांहीं महिनेच टिकतो, कारण मूळ संरक्षक थर गेलेला असतो. चकचकीत मुलाम्यावर गंजाचे बारीक ठिपके आले असतील तर खाद्यपदार्थ गुंडाळण्याच्या ॲल्युमिनियमच्या कागदाचा चुरगळलेला बोळा पाण्यांत भिजवून हलकेच फिरवावा. तो क्रोमहून मऊ असल्यानें मुलाम्यास ओरखडा न पडतां गंज सुटतो.

हवेची गाळणी तीन प्रकारची असते. कागदाची गाळणी केवळ हलकेच झटकावी व खराब झाल्यास बदलावी, धुवूं नये. स्पंजाची गाळणी साबणानें धुवून पूर्ण वाळवावी व पुस्तिकेंत सांगितलें असल्यास तेलाचा हात द्यावा. कांहीं ट्रॅक्टरांना तेलाचें भांडें असलेली गाळणी असते. तिचें भांडें डिझेलनें धुवून नवें तेल खुणेपर्यंतच भरावें. रेडिएटरच्या पाकळ्यांत मीठ व किडे अडकतात. एंजिन थंड असतां आंतल्या बाजूनें बाहेर, मंद धारेनें पाणी सोडून ते काढावे. रेडिएटरचें झांकण गरम असतां उघडूं नये.

घरगुती उपाय कोठें थांबवावे

काटकसर हा शेतकऱ्याचा गुण आहे. पण तिला जेथें जिवाची किंमत पडते तेथें ती काटकसर राहत नाहीं. पहिला असा भाग ब्रेकांचा. रात्रभर समुद्रकांठीं उभ्या राहिलेल्या गाडीच्या ब्रेकच्या चकतीवर सकाळीं तांबूस छटा दिसते. ती सावकाश चालवून दोन चार वेळां हलकेच ब्रेक दाबतांच निघून जाते. तिजवर तेल, डिझेल, जेली किंवा व्हिनेगर यांचा थेंबही घालूं नये. गंज घर्षणानें जातो, परंतु ब्रेकच्या पट्ट्यांत मुरलेलें तेल जात नाहीं, आणि तें कळतें तें बहुधा उतारावर.

ब्रेकच्या नळींतील द्रवास सर्वत्र ‘ब्रेक ऑईल’ म्हणतात. या नांवानेंच घात होतो. तें तेल नव्हे. त्यांत एंजिनाचें किंवा खाण्याचें तेल घातल्यास आंतील रबरी कड्या फुगतात व ब्रेक निकामी होतात. शिवाय हा द्रव हवेंतली ओल शोषतो. ओल मुरलेला द्रव आंबा घाटासारख्या लांब उतारावर तापून उकळूं लागला तर नळींत वाफ होते, आणि पेडल तळास टेकूनही गाडी थांबत नाहीं. म्हणून तो पुस्तिकेंत दिलेल्या मुदतींत, साधारणतः दर दोन वर्षांनीं, जाणत्या कारागिराकडून बदलून घ्यावा. गाडी बरेच दिवस उभी ठेवावयाची असेल तर हातब्रेक ओढून ठेवूं नये. तो गंजून अडकतो. सपाट जागीं गिअर घालून चाकांस लांकडी ओंडके लावावे.

दुसरा प्रसंग पुराचा. २२ जुलै २०२१ रोजीं वाशिष्ठीच्या पुरांत चिपळूण बुडालें, तेव्हां असंख्य वाहनें पाण्याखालीं गेलीं. अशा गाडीची किल्ली फिरवून पाहण्याची इच्छा आवरली पाहिजे. एंजिनांत पाणी शिरलें असेल तर तें हवेसारखें दाबलें जात नाहीं. दट्ट्या त्यावर आपटतो व त्याचा दांडा वांकतो. पाणी उपसून व तेल बदलून जें एंजिन वांचलें असतें, तें एका क्षणांत मोडीत जातें. बॅटरीचें ऋण टोक सोडवावें, गाडी ओढून न्यावी व पुढचें काम कारागिरावर सोंपवावें. विजेवर चालणाऱ्या गाड्यांतील नारिंगी रंगाच्या तारांस तर कोणत्याही प्रसंगीं आपण हात लावूं नये.

वर्षाचा क्रम

वरील सर्व गोष्टी एकाच दिवशीं करावयाच्या नाहींत. किनाऱ्यालगत राहणाऱ्यानें आठवड्यास एकदां गाडीचें खालचें अंग गोड्या पाण्यानें धुवावें. वादळ झाल्यास दुसऱ्याच दिवशीं धुवावें. मे २०२१ मधील तौक्तेसारखें चक्रीवादळ किनाऱ्याजवळून गेलें म्हणजे खारे तुषार नेहमींपेक्षां पुष्कळ आंतवर येतात. महिन्यास एकदां बॅटरीचीं टोकें, दारांचीं भोंकें व साखळी पाहावी. आंबा संपल्यावर, रोहिणी लागण्याच्या सुमारास, मोठें धुणें करून, पूर्ण वाळवून, ओरखड्यांवरील गंज काढून तेथें रंगाचा हात द्यावा व जोडांस ग्रीस भरावें. पावसाळा सरल्यावर खंडेनवमीस आपण वाहनांची पूजा करतोंच. त्याच्या आदल्या दिवशीं चिखल काढून, पायपुसणीं उन्हांत टाकून, तळ नीट पाहून घ्यावा. पूजेचें निमित्त होऊन वर्षांतील दुसरी तपासणी आपोआप पार पडते.

या सर्वांस लागणारें साहित्य म्हणजे पागोळ्यांचें पाणी, मूठभर रिठे, खाण्याचा सोडा, व्हिनेगरची बाटली, जेलीची डबी, जुना ब्रश व माडाची हीर. यांतील बहुतेक घरांतच असतें. लागतो तो आठवड्यांतील एखादा तास, आणि खालीं वांकून पाहण्याची तयारी. आमच्या किनारपट्टीच्या वाचकांनीं येत्या हंगामापासून हा क्रम एक वर्ष चालवून पाहावा, गाडीच्या दाराखालचा पत्रा आज कसा आहे हें टिपून ठेवावें, व वर्षअखेरीस तो पुन्हां पाहून आपला अनुभव आम्हांस कळवावा, अशी विनंति आहे.